निकोडेमसच्या आद्य वस्तीचा शोध

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात निकोडेमस हे लहानसे गाव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या, मुख्यतः केंटकी राज्यातून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ते १८७७ मध्ये वसविले. तेथे आज पाच ऐतिहासिक वास्तू दाखविल्या जातात. सेंट फ्रान्सिस हॉटेल १८८१ च्या सुमाराचे, एक चर्च १८८५ चे, दुसरे १९०७ चे, शाळा १९१८ ची, तर नगरसभागृह १९३९ चे आहे. यांपैकी एकही वास्तू पहिल्या वर्षाची नाही. सबब केवळ उभ्या भिंतींवरून आद्य वसाहतकारांचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक आरंभीच चुकतो.

पहिली घरे भुईच्या पोटात होती. माळावर लाकूड दुर्मिळ असल्याने उतारात खोदून निवारे केले गेले. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी आपल्या आठवणीत हे सांगितले आहे. गाव कोठे आहे, असे त्यांनी विचारताच पतीने जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखविले. ते पाहून त्यांना रडू कोसळले.

अशा घरांचा माग कागदपत्रांतच लागतो. १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसल्याचे दोन साक्षीदारांकरवी सिद्ध करावे लागे. त्या जबान्यांत वास्तव्याचा काळ, घराचे वर्णन व लागवडीखालील क्षेत्र नोंदले जाई. मात्र हा पुरावा भोवतालच्या शेतवस्तीचा आहे, गावठाणाचा नव्हे, हे विसरता कामा नये.

माणसांचा शोध याहून अवघड आहे. १८७० च्या जनगणनेत हे लोक प्रथमच सर्वत्र नावानिशी आढळतात. १८५० व १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग व वर्ण एवढेच येते. म्हणजे १८७७ मध्ये चाळिशीत असलेल्या मनुष्याचा पूर्वायुष्याचा धागा बहुशः तेथेच तुटतो.

१८८८ मध्ये रेल्वेमार्ग नदीपलीकडून गेला आणि व्यापारी बोग येथे निघून गेले. उरलेल्या वास्तू या गाव न सोडणाऱ्यांच्या चिकाटीची साक्ष देतात. तथापि गावाचा आरंभ त्यांच्यापासून धरणे म्हणजे ज्यांनी प्रथम भुई खणली, त्यांना दुसऱ्यांदा निनावी करणे होय.