दाराबाहेरचे ‘मालक’

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या फाटकावर ‘सेल्समनना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर नावाच्या गावाने १९३१ मध्ये ही पाटी थेट कायद्यातच लिहून टाकली. गाव रेल्वेचं. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे आणि दारोदार फिरणारे विक्रेते कडी वाजवून त्यांना उठवायचे. त्यामुळे न बोलावता कुणाच्या दारावर जाऊन माल विकणं हा गुन्हा ठरला. घरोघर ब्रश विकणारी ‘फुलर ब्रश’ ही तेव्हाची नामांकित कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९३३ मध्ये हरली. मग अमेरिकेतल्या गावागावांनी हाच नियम उचलला. असल्या नियमांना तिकडे अजूनही ‘ग्रीन रिव्हर ऑर्डिनन्स’ म्हणतात.

झोपलेल्या माणसाची बाजू मला पटते. पण कडी वाजवणारा माणूसही दिवसभर राबतच होता. तो कामगार आहे की नाही, या प्रश्नाभोवती दारोदार विक्रीचा सगळा इतिहास फिरतो. आणि हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. पगार, रजा, अपघाताची भरपाई, ग्रॅच्युइटी या सगळ्याचं कुलूप याच एका शब्दाने उघडतं.

दारावर येणारा विक्रेता आपल्याला काही नवा नाही. आमच्या वाड्यात बोहारीण यायची. जुन्या साड्यांच्या ढिगाकडे बघून ती पातेलं पुढे करायची आणि मग आजीशी तिची अर्धा तास घासाघीस चालायची. भांडी तिची, भाव तिचा, कोणत्या गल्लीत कधी जायचं हेही तिनेच ठरवायचं. नुकसान झालं तर तेही तिचंच. कमिशनवरच्या सेल्समनचं तसं नसतं. माल कंपनीचा, किंमत कंपनीची, एरिया कंपनीने दिलेला, तोंडातली वाक्यंसुद्धा कंपनीची. त्याचा स्वतःचा असतो तो फक्त रिकामा गेलेला दिवस.

हा प्रकार नेमका कसा चालतो ते एका गाजलेल्या पुस्तकावरून कळतं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट १८८४ मध्ये एका भागीदाराच्या लबाडीमुळे कफल्लक झाले. पाठोपाठ घशाचा कॅन्सर निघाला. बायकोपोरांसाठी काहीतरी मागे राहावं म्हणून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या आणि जुलै १८८५ मध्ये, लिखाण संपवून काही दिवसांतच ते गेले. पुस्तक काढलं मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने, आणि ते दुकानांत न ठेवता सुमारे १०,००० एजंटांमार्फत घरोघर विकलं. त्यातले बरेच जण यादवी युद्धातून परतलेले जुने सैनिक होते. जुना गणवेश चढवून ते आपल्याच सेनापतीचं पुस्तक घेऊन दारात उभे राहायचे. काय बोलायचं, कसं बोलायचं याची एक छापील पुस्तिका त्यांना दिलेली होती. (आजच्या ‘सेल्स पिच’ची ही पणजी.) तीन लाखांहून अधिक संच खपले आणि ग्रँट यांच्या पत्नीला दोन लाख डॉलरचा एकच चेक मिळाला. त्या काळात एवढी रॉयल्टी कुणी ऐकलीही नव्हती.

हा किस्सा इथपर्यंतच सांगितला जातो. एजंटाचा हिशोब वेगळा होता. या धंद्याची रीत अशी की नमुन्याची प्रत एजंटानेच विकत घ्यायची. दारोदार फिरून ऑर्डरी लिहून घ्यायच्या, पण पैसे तेव्हा मिळायचे नाहीत. काही महिन्यांनी पुस्तकं छापून आली की पुन्हा त्याच दारांवर जायचं, पुस्तक हातात द्यायचं, पैसे वसूल करायचे आणि त्यातलं आपलं कमिशन ठेवायचं. मधल्या काळात गिऱ्हाईक गाव सोडून गेलं, नाहीतर ‘आता नको’ म्हणालं, तर एजंटाची दोन्ही वेळची पायपीट वाया. प्रकाशकाला १०,००० माणसं मिळाली, आणि त्यांतल्या एकालाही पगार द्यावा लागला नाही.

पुढे मंदी आली आणि अमेरिकेत कामगारांसाठी मोठे कायदे झाले. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा, १९३८ मध्ये किमान वेतनाचा. तासाला किमान २५ सेंट द्यायलाच हवेत असं ठरलं, पण त्याच कायद्यात ‘बाहेर फिरून विक्री करणारे’ वगळण्यात आले. बाहेरच्या माणसाचे तास मोजणार कोण, हा त्यामागचा युक्तिवाद. त्याच दशकात घरोघर विक्री करणाऱ्या कंपन्या आपली माणसं ‘नोकर’ नसून ‘स्वतंत्र डीलर’ किंवा ‘कंत्राटदार’ आहेत असं म्हणू लागल्या. काम तसंच राहिलं, नुसतं नाव बदललं. आर्थर मिलरच्या १९४९ च्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकातल्या विली लोमनचं काय होतं आठवतंय? म्हातारपणी कंपनी त्याचा पगार बंद करते आणि नवख्या पोरासारखं त्याला नुसत्या कमिशनवर टाकते. नाटकावर बोलताना आपण स्वप्नभंगाविषयी भरभरून बोलतो, या साध्या पगारकपातीकडे मात्र लक्ष जात नाही.

१९८२ मध्ये अमेरिकी करकायद्याने घरोघर विकणाऱ्यांना ‘कर्मचारी नाहीत’ असं शब्दशः लिहून दिलं. योगायोग असा की त्याच वर्षी भारतात ‘युरेका फोर्ब्स’ सुरू झाली, आणि टाय लावलेला, बॅग घेतलेला व्हॅक्युम क्लीनरवाला मध्यमवर्गाच्या दारात आला.

तो कागदावरचा शब्द किती महाग पडतो हे विस्कॉन्सिनमध्ये दिसलं. मार्च १९९९ मध्ये जेन्सव्हिल गावाजवळ एक व्हॅन उलटली. आत तरुण मुलं-मुली होती, गावोगाव नेऊन मासिकांच्या वर्गण्या गोळा करायला लावलेली. चालवणाऱ्याचं लायसन्स रद्द झालेलं होतं. मागे पोलीस दिसले म्हणून त्याने चालत्या गाडीत दुसऱ्याशी जागा बदलायचा प्रयत्न केला. सात जण गेले. त्यांतल्या एका मुलीच्या वडिलांनी दहा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २००९ मध्ये त्या राज्याने फिरत्या विक्री-पथकांसाठी कायदा केला.

आपल्याकडची गोष्ट औषधांच्या बॅगेपासून सुरू होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार म्हणजे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम करणारा, नंतर तांत्रिक वगैरे काम करणाराही. मग डॉक्टरांना भेटून औषधाचं महत्त्व पटवून देणारा माणूस यातला कोण? १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, यातला कुणीच नाही. म्हणजे कामावरून काढलं तर कामगार न्यायालयाचं दार बंद. १९६३ मध्ये मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हजनी देशपातळीवर संघटना बांधली. राज्यसभेच्या याचिका समितीने १९७२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा सुचवला, आणि १९७६ मध्ये विक्रीवाढ कर्मचाऱ्यांचा कायदा झाला. नेमणूकपत्र, रजा, किमान वेतन, बाळंतपणाचे हक्क, ग्रॅच्युइटी, सगळं त्यात आलं. हा कायदा मी वाचला तेव्हा एका ओळीवर थबकलो. वर्षाला ९,००० रुपयांपर्यंत ‘फक्त कमिशन’ मिळवणारासुद्धा त्यात मोजलेला होता. म्हणजे पगार नाही म्हणून माणूस नोकर नाही, हे गृहीतक आपल्या संसदेने तेव्हाच बाजूला ठेवलं होतं.

पण कायदा लागू झाला तो औषधांच्या धंद्याला. व्हॅक्युम क्लीनर, वॉटर फिल्टर, कुपनं, क्रेडिट कार्डं विकणारी पोरं त्यात आपोआप आली नाहीत. १९९४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही हेच सांगितलं: विक्री वाढवणं हे काम मूळ कायद्यातल्या ‘कामगार’ शब्दात बसत नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मीही अशा एका ऑफिसात उभा होतो. ‘फ्रेशर्स चालतील, अनुभवाची अट नाही’ ही जाहिरात वाचून गेलो होतो. सकाळी साडेआठला टाळ्या, घोषणा, काल ज्याने जास्त विकलं त्याच्यासाठी घंटा. मग भाज्या कापायच्या यंत्राची पाच खोकी घेऊन सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्ल्या. बॅगेचं डिपॉझिट ५०० रुपये, बसभाडं आपलं आपण. काम शिकवायला जोडीला एक ताई होती, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी यंत्र घेतलं नाही, पण पाणी आणून दिलं. मी दोन ग्लास प्यायलो. ताईने पेला नुसता ओठांना लावला आणि परत दिला. जिन्यात मी विचारलं तेव्हा म्हणाली, “अरे, संध्याकाळी सातपर्यंत बाथरूम कुठे शोधू? सकाळपासून पाणीच पीत नाही मी.” दोन वर्षं ती हेच करत होती. अकरा दिवसांत माझी नऊ यंत्रं गेली. हातात आलं ते डिपॉझिट आणि भाडं वजा जाता जेमतेम तीन आकडी. मी घरी बसू शकत होतो म्हणून सोडलं. ताईला ती सोय नव्हती.

नुसतं कमिशन म्हणजे पिळवणूकच, असंही मी म्हणणार नाही. एलआयसीचा एजंट बघा. त्यालाही पगार नाही, पण त्याने विकलेल्या पॉलिसीच्या पुढच्या हप्त्यांवर त्याला कमिशन येत राहतं आणि ग्रॅच्युइटीही मिळते. २०२३ मध्ये तिची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख झाली. असे एजंट १३ लाखांहून जास्त आहेत. म्हणजे ठरवलं तर कमिशनवाल्यालाही म्हातारपण देता येतं.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम आणले. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. कंपनीने त्याच्याकडून प्रवेश फी घ्यायची नाही. चांगलं आहे. पण हे नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली निघालेले आहेत, म्हणजे मुळात दार उघडणाऱ्यासाठी. बाहेर उभा असलेला त्यात कोण आहे, हे व्याख्येत सापडतं: कंपनी आणि विक्रेता यांचं नातं ‘प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल’, म्हणजे मालकाचं मालकाशी.

भाज्या कापायच्या यंत्रांसाठी मी सही केलेल्या कागदावरही असाच काहीसा शब्द होता, ‘बिझनेस असोसिएट’. ताईच्या कागदावरही तोच.