वेणा कुणी मोजल्या?

मराठीत एक गंमत आहे बघा. 'वेदना' डोक्याची असते, दाढेची असते, मनाचीसुद्धा असते. पण हाच शब्द प्राकृतातून झिजत झिजत आपल्याकडे आला, त्याचा 'वेण' झाला आणि त्याचा अर्थ एकाच दुखण्यापुरता उरला. दाढ दुखली म्हणून कुणी "मला वेणा येतायत" असं म्हणत नाही. वेणा म्हटलं की बाळंतपणच! आणि मूळ धातू 'विद्', म्हणजे जाणणं. वेदना म्हणजे जाणीव. जिला होते तिलाच कळते.

माझ्या भाचीला आठवा महिना लागलाय. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मोबाइलवर सगळं वाचलंय. किती सेंटिमीटर, किती मिनिटांनी कळ, सगळं पाठ आहे. पण नक्की वाटतं कसं ते सांग ना."

मी तिला सांगितलं ते असं. सुरुवातीला पाळीत दुखतं तसंच. कंबरेत मागे धरतं, तिथून पुढे ओटीपोटात येतं, मांड्यांपर्यंत उतरतं. नेमकं कुठे दुखतंय त्यावर बोट ठेवता येत नाही. कळ चढते, टोकाला जाते, उतरते. आणि उतरली की चक्क काही नसतं! त्या मधल्या दोन-चार मिनिटांत मी घोटभर पाणी प्यायले, एकदा तर हसलेसुद्धा. मग कळा जवळजवळ येतात, हसू संपतं, आजूबाजूची माणसं पुसट होतात. शेवटी दुखणं जात बदलतं. आता ते खाली, नेमकं, धारदार आणि जळजळीत असतं. आणि जोर करावासा 'वाटतो' म्हणणं चूक आहे, शरीर तो आपणच करतं. बाळ बाहेर आलं की एकदम सुटल्यासारखं होतं, आणि मग थंडी नसताना दात वाजतात.

ही 'जात बदलणं' माझी कल्पना नव्हे बरं. आधीचं दुखणं गर्भाशयाच्या आकुंचनाचं आणि त्याचं तोंड उघडण्याचं असतं. ते पोटातल्या अवयवांच्या मज्जातंतूंतून जातं, म्हणून पसरट. नंतरचं योनिमार्ग आणि आजूबाजूची त्वचा ताणल्याचं असतं. त्याचे मज्जातंतू वेगळे, म्हणून नेमकं.

फोन ठेवल्यावर मात्र विचार करत बसले. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आजीची सात बाळंतपणं झाली, पण तिच्या तोंडी दोनच शब्द. अमकी 'अडली', तमकी 'सुटली'. मध्ये काय झालं ते नाही. मग जुनं काय सापडतं ते वाचायला घेतलं.

१८४७ साल. जानेवारीत एडिनबर्गच्या जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरनं बाळंतपणात पहिल्यांदा ईथर वापरलं आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच वाद पेटला. बायबलात ईव्हला शाप आहे की तू वेदनेनं मुलं प्रसवशील, मग ती वेदना काढायची कशी? सिम्प्सनही पक्का. त्यानं उत्तराची पुस्तिकाच छापली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ दुःख नव्हे, कष्ट. आणि ॲडमची बरगडी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोपवलं होतंच की! फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मेग्ज या डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता. ही वेदना नैसर्गिक आहे, डॉक्टरला ती वाट दाखवते, ती घालवू नये. दोन्हीकडून बोलणारे पुरुषच.

पण त्याच वर्षी ७ एप्रिलला अमेरिकेत कवी लॉंगफेलोची बायको फॅनी हिनं ईथर घेऊन मुलीला जन्म दिला. ईथर देणारा कोण, तर दातांचा डॉक्टर! सासरची माणसं धास्तावली. त्यावर तिनं नणंदेला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, तुम्हाला माझं हे वागणं अविचारी वाटलं याचं वाईट वाटतं, पण बायकांचं दुखणं कमी करण्याच्या वाटेवर आपण पहिल्या आहोत याचा मला अभिमान आहे. नणंदेला लिहिलेलं हे पत्र मला सिम्प्सनच्या पुस्तिकेपेक्षा मोठं वाटतं.

बरोबर सहा वर्षांनी, ७ एप्रिल १८५३ला, व्हिक्टोरिया राणीचं आठवं बाळंतपण झालं. जॉन स्नो या डॉक्टरनं रुमालावर थेंब थेंब क्लोरोफॉर्म टाकून प्रत्येक कळेला हुंगायला दिला, एकूण ५३ मिनिटं. राणी पूर्ण बेशुद्ध झालीच नाही. रोजनिशीत तिनं त्या औषधाला अगदी तोंडभरून दुवा दिला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं नाक मुरडलं, पण राणीनंच घेतलं म्हटल्यावर बाकीच्या बायकांना मागायला तोंड मिळालं. हीच राणी पुढे आपल्या लेकीला पत्रात लिहिते की अशा वेळी आपण गाय किंवा कुत्रीसारख्या होतो असं मला वाटतं. वेदनेइतकीच तिला ती विटंबना टोचत होती.

आणि आपल्याकडे? कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या, आणि १८८६ साली पदवीसाठी विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. एवढ्या विषयांतून हाच का, हे मला वेगळं विचारावंसं वाटत नाही.

विसाव्या शतकात मात्र गोष्ट विचित्र वळण घेते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला 'ट्वायलाइट स्लीप' निघाली. मॉर्फिननं दुखणं थोडं बोथट करायचं आणि स्कोपोलामिननं आठवणच पुसायची. १९१४ साली अमेरिकन मासिकांनी ते उचललं आणि बायकांनीच चळवळ करून ते मागितलं. जाग आली की बाळ शेजारी, मधलं काही आठवत नाही. पण मधल्या वेळात ती किंचाळत असे, हातपाय झाडत असे, म्हणून हात बांधलेले, पलंगाला गाद्यांचे कठडे. दुखत होतंच, फक्त ते सांगायला कुणी उरत नव्हतं. १९५७ साली 'लेडीज होम जर्नल'नं एका नर्सचं पत्र छापलं, आणि प्रसूतिगृहात आपल्याला कसं वागवलं हे लिहिणाऱ्या वाचक बायकांच्या पत्रांचा ओघ लागला.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये हार्डी आणि जेव्हर्ट या दोघांनी तर वेणा मोजायचं यंत्रच लावलं. कळ ओसरली की बाईच्या हातावर दिव्याची उष्णता पाडायची आणि विचारायचं, आत्ताची कळ एवढी होती का? एककाचं नाव 'डोल', कमाल साडेदहा. बाळंतिणीला वर चटके! वाचून मला हसावं की रडावं कळेना.

पुढे मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं साधी गोष्ट केली. १९७५ साली त्यानं दुखण्याच्या शब्दांची यादी केली. ठसठसणारं, भोसकणारं, पिळवटणारं, जळजळणारं, जड, थकवणारं, अशी. त्यातले तुमचे शब्द निवडा म्हणाला. १९८१ साली हे १४१ बाळंतिणींना विचारलेलं प्रसिद्ध झालं. सरासरीनं वेणा फार वरच्या पायरीवर आल्या, पहिलटकरणींच्या अधिक. पण बायकाबायकांत फरक प्रचंड. काहींना थोडंच दुखलं, काहींना असह्य. ज्यांची पाळी फार दुखायची त्यांना वेणाही जास्त. आधी श्वासाचे वर्ग केलेल्यांचं दुखणं किंचित कमी, पण होतं चांगलंच. म्हणजे "मी ओरडले नाही, तूच कशी ओरडतेस" या वाक्याला काही अर्थच नाही!

आणि १९८० साली ग्वाटेमालाहून आलेला एक लहानसा अभ्यास. पहिलटकरणींचे वीस-वीसचे दोन गट. एका गटाजवळ एक बाई सतत बसून राहिली. नर्स नव्हे, नात्यातली नव्हे. पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. त्यांचा दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंतचा वेळ सरासरी ८.७ तास, एकट्या ठेवलेल्यांचा १९.३ तास. आपल्या जुन्या सुईणी हे काम करतच होत्या की. त्या काळचं सगळं चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही, अस्वच्छ हातांनी आणि विळ्यांनी कितीतरी बायका आणि बाळं गेली. पण दवाखान्यात आल्यावर स्वच्छता मिळाली आणि जवळ बसणारी बाई दाराबाहेर राहिली.

माझ्या वेळी एका दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलीला ओरडली म्हणून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना ते वाक्य माहीत आहे. २०१७ साली सरकारनं सरकारी प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' उपक्रम सुरू केला. त्यात सन्मानानं वागवणं आणि सोबतीला आपलं माणूस असणं या गोष्टी कागदावर आल्या, हे चांगलंच झालं. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत पाठीतून एपिड्युरलही मिळतं. खूप जणींपर्यंत यातलं काहीच पोचत नाही, हेही खरंच.

या सगळ्या वाचनातून मला उमगलं ते इतकंच. वेणा पाप म्हणून सहन करायला लावल्या, निसर्ग म्हणून राखल्या, औषधानं पुसल्या, दिव्यानं मोजल्या. बायकांचं भलं झालं ते मात्र "तुला कसं वाटतंय?" असं कुणीतरी तिलाच विचारलं आणि तिच्या उत्तरावर विश्वास ठेवला तेव्हा. मग उत्तर काहीही असो, औषध दे, नको देऊ, नुसती इथे बस.

भाचीला कळवलंय की मला जसं झालं तसंच तुला होईल असं नाही. तुझ्या वेणा तुझ्या. दवाखान्यात आधी विचारून ठेव, सोबत कोण चालेल, दुखणं कमी करायला काय मिळेल.

आणि मंडळी, तुमची आई, आजी, आत्या, काकू असतील तर एकदा विचारा त्यांना. 'सुटले' याच्या पुढचं. वेळ द्या, मध्ये बोलू नका. आजीला विचारायचं माझं राहूनच गेलं. आईला या रविवारी विचारणार आहे.