मध आणि मेण

चाटणांतला मध मेणापासून वेगळा कसा होतो, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. मधांतील पाण्याचा अंश शेंकडा १८ च्या सुमारास उतरला, म्हणजे माशा त्या घरावर मेणाचें पातळ झांकण घालतात. तें उघडल्यावांचून मध हातीं येत नाहीं.

पूर्वीं युरोपांत काय किंवा आमच्या सह्याद्रीच्या रानांत काय, रीत एकच: पोळें कापावयाचें, पिळावयाचें व फडक्यांतून गाळावयाचें. मधाबरोबर पुष्कळदां पिलेंही चिरडलीं जात. १८५१ सालीं अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यांनीं सहज काढतां-घालतां येणारी चौकट सिद्ध केली. १८६५ सालीं ऑस्ट्रियन सैन्यांतील मेजर ह्रुश्का यांनीं पोळें गरगर फिरवून मध बाहेर फेकणारें यंत्र ब्र्नो येथील संमेलनांत मांडलें. तेव्हांपासून रितें पोळें माशांस अभंग परत मिळूं लागलें. थोड्या मेणासाठीं त्यांस कित्येक पट मध खर्चावा लागतो, हें ध्यानांत घेतां हें दान लहान नव्हे.

तरी झांकणें सुरीनें कापावीं लागतातच, आणि त्यांना बराच मध चिकटून राहतो. तापविल्यास मेण सुमारें ६३ अंश सेल्सिअसला वितळून वर तरंगतें व काम लवकर उरकतें. पण मधाचा सुवास उडून जातो. म्हणून जाणते मधुपाल झांकणें जाळीवर ठेवून मध सावकाश निथळूं देतात. यंत्रानें माशांचें घर वाचविलें. मधाचा सुवास मात्र अजून माणसाच्या धीरावरच अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें.