नऊ नंबर जातोय म्हणे!

आजची गोष्ट फुटबॉलची आहे, पण खेळापेक्षा खेळ बघणाऱ्यांची जास्त. इंग्लंडच्या ईशान्येला, टाईन नदीच्या काठी न्यूकॅसल हे शहर आहे, कोळसा आणि जहाजबांधणीवर वाढलेलं. मोठा क्लब एकच, न्यूकॅसल युनायटेड. आणि त्या क्लबाचा काळा-पांढरा, नऊ नंबरचा शर्ट घालून गोल करणारा स्ट्रायकर म्हणजे गावाचा जीव की प्राण. शंभर वर्षं झाली, गावाला एकच धास्ती: आपला गडी कोणी पळवून तर नेणार नाही ना?

सुरुवात ह्यूई गॅलाकरपासून करू. तेव्हा शर्टावर नंबरही नसायचे. 1925च्या डिसेंबरात हा गडी स्कॉटलंडहून आला. उंची 5 फूट 5 इंच, स्वभाव तापट. एका सामन्यानंतर त्याने रेफरीला आंघोळीच्या हौदात ढकललं, असं सांगतात! पण 1926-27च्या हंगामात कर्णधार म्हणून लीगमध्ये 36 गोल केले आणि न्यूकॅसलला विजेतेपद मिळवून दिलं. त्यानंतर न्यूकॅसलने लीग आजतागायत जिंकलेली नाही.

असा माणूस 1930 साली क्लबाने चेल्सीला विकला, 10,000 पौंडांना. त्याला जायचं नव्हतं. पण त्याला विचारतो कोण, आणि लोकांना तरी विचारतो कोण? लोकांनी उत्तर दिलं ते वेगळ्याच पद्धतीनं. 3 सप्टेंबरला, बुधवारी, चेल्सीचा संघ न्यूकॅसलला खेळायला आला. मैदानात 68,386 माणसं होती, आणि हजारो बाहेर राहिली. त्या मैदानावरचा गर्दीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. आपला संघ 1-0 जिंकला, पण ही गर्दी विजय बघायला जमली नव्हती. गेलेल्या माणसाला बघायला जमली होती.

आता उलट बाजू बघा. 1960 साली आघाडीच्या फळीतला जॉर्ज ईस्टहॅम म्हणाला, मला जायचंय. त्याचा करार संपला होता. क्लब म्हणाला, नाही. तेव्हाचा नियम असा की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच हातात. क्लबाने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. आणि पगार? आठवड्याला जास्तीत जास्त 20 पौंड, कितीही मोठा खेळाडू असो. ईस्टहॅमने खेळणंच बंद केलं आणि लंडनच्या बाजूला जाऊन बुचाच्या धंद्यात नोकरी धरली. शेवटी क्लबाने त्याला 47,500 पौंडांना आर्सेनलला दिलं. तरी गडी कोर्टात गेलाच, आणि 1963 साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असं अडकवून ठेवणं अन्यायाचं ठरवलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. आपला खेळाडू आपल्याकडेच राहील, हा जुन्या काळच्या चाहत्याचा भरवसा बराचसा या नियमावर उभा होता. चाहता त्याला निष्ठा म्हणायचा. खेळाडूला मात्र दुसरा रस्ताच नव्हता. आणि एवढं करूनही क्लबाला पैसा दिसला की भरवसा संपला, गॅलाकरला विचारा!

पुढे मॅल्कम मॅक्डोनल्ड गेला, पीटर बिअर्डस्ली गेला. 1995च्या जानेवारीत तर कहर झाला. आदल्या हंगामात 41 गोल करणारा अँडी कोल अचानक मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. संतापलेली माणसं मैदानाबाहेर जमली. मॅनेजर केव्हिन कीगन पायऱ्यांवर आला आणि निर्णय माझा आहे, असं त्यांना तोंडावर सांगितलं. किती मॅनेजर असं उभे राहतील? दीड वर्षाने त्यानेच त्या वेळच्या जागतिक विक्रमी रकमेला, 1.5 कोटी पौंडांना, ॲलन शिअररला आणलं. शिअरर गावचाच पोरगा. निवृत्तीपर्यंत हलला नाही, 206 गोल केले.

आणि आता अलेक्झांडर इसाक. त्याच्या पाठीवर 14 आकडा होता, पण लोकांच्या लेखी नऊ नंबर तोच. 2025च्या मार्चमध्ये लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध त्याने गोल केला आणि न्यूकॅसलला 70 वर्षांनी देशातला मोठा चषक मिळाला. त्याच उन्हाळ्यात त्याने लिव्हरपूललाच जायचं म्हणून खेळायला नकार दिला. ईस्टहॅमसारखाच, म्हणाल तुम्ही. पण ईस्टहॅमचा करार संपला होता. इसाकची तीन वर्षं बाकी होती. मला हा फरक लहान वाटत नाही.

25 ऑगस्टला लिव्हरपूलचाच संघ न्यूकॅसलला आला. इसाक अजून न्यूकॅसलचाच होता आणि मैदानात नव्हता. दोन गोलांनी मागे पडलेला, त्यात एक माणूस कमी झालेला न्यूकॅसलचा संघ 2-2 पर्यंत आला, आणि शेवटच्या क्षणी लिव्हरपूलच्या 16 वर्षांच्या पोराने गोल करून सामना नेला. आठवड्याने, 1 सप्टेंबरला, इसाक 12.5 कोटी पौंडांना लिव्हरपूलचा झाला.