मोहाला उत्तर आधीच तयार हवे

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजची लढाईही जुनी आहे, पण तिचे रणांगण माणसाचे मन आहे. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

एक पाकीट आणि एक रात्र

मी तेव्हा लेफ्टनंट कर्नल होतो. रेशनच्या पुरवठ्याची जबाबदारी माझ्याकडे होती. बटाट्याची एक मोठी खेप निकृष्ट निघाली. संध्याकाळी ठेकेदार घरी आला. त्याने पैशाची भाषा केलीच नाही. म्हणाला, "साहेब, मुलगी बारावीला आहे ना? मेडिकलचा खर्च किती वाढलाय! आणि पेन्शनवर काय होतं हो?" टेबलावर त्याने एक पाकीट ठेवले.

मी पाकीट परत दिले, पण खेपेबद्दल "नाही" म्हणालो नाही. "उद्या बघू" म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी खेप नाकारली. नंतर कळले की तो माणूस आमच्या हवालदार क्लार्ककडेही गेला होता. हा क्लार्क मिझोरामचा, ख्रिस्ती. त्याने तिथल्या तिथे हात जोडून त्याला बाहेरची वाट दाखवली होती. मी विचारले, "तुला मोह नाही झाला?" तो म्हणाला, "झाला, साहेब. पण उत्तर शोधावं लागलं नाही. ते लहानपणी चर्चमध्ये पाठ केलं होतं."

हे वाक्य मी विसरलो नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा या 'पाठ केलेल्या उत्तराचा' इतिहास वाचून काढला.

रानातील तीन हल्ले

या परंपरेचे मूळ मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील चौथ्या अध्यायात आहे. येशू रानात ४० दिवस उपाशी असतो आणि सैतान तीन वेळा हल्ला करतो. पहिला हल्ला भुकेवर: दगडांच्या भाकरी कर. दुसरा विश्वासावर: मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देव झेलतो का पाहू. तिसरा सत्तेवर: मला नमन कर, जगातली सगळी राज्ये तुझी. हा मत्तयमधला क्रम. लूकमध्ये शेवटचे दोन उलट आहेत.

तिन्ही वेळा येशू शास्त्रवचनानेच उत्तर देतो. आणि तिन्ही वचने एकाच ग्रंथातली आहेत. त्याला मराठी बायबलमध्ये 'अनुवाद' म्हणतात. उत्तरे त्यातल्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून येतात. तिथे मोशे इस्राएल लोकांना त्यांच्या रानातल्या ४० वर्षांची आठवण करून देतो: भुकेने केलेली कुरकुर, देवाची पाहिलेली परीक्षा, परक्या दैवतांमागे जाण्याचा धोका. म्हणजे पूर्वज जिथे घसरले, नेमक्या त्याच जागेचे धडे येशू वापरतो. आम्ही सैन्यात जुन्या मोहिमांच्या चुका अभ्यासतो, त्यातलाच हा प्रकार.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. दुसऱ्या हल्ल्यात सैतानसुद्धा शास्त्र म्हणतो. तो ९१ व्या स्तोत्रातला आधार देतो. म्हणजे नुसते पाठांतर शत्रूकडेही असते. वचन कोणत्या संदर्भात आणि कशासाठी आहे, हे ज्याला कळते तोच टिकतो.

शिपायाचा मठ

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती साधूंनी याचे प्रशिक्षणच बनवले. त्यातला पाखोमियस हा मूळचा रोमन सैन्यात सक्तीने भरती झालेला तरुण. सैन्यातून सुटल्यावर तो ख्रिस्ती झाला आणि नाईलकाठी ताबेन्निसी येथे त्याने मठ उभारला. त्याच्या नियमावलीत नव्या माणसाला आधी काही शास्त्रभाग पाठ करावे लागत. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला वाचायला शिकावेच लागे. हात कामात आणि ओठांवर वचन, असा दिवस जाई. ड्रिल याहून वेगळी काय असते?

पाचशे उत्तरांची वही

या परंपरेतला माझा आवडता माणूस इव्हाग्रियस. जन्म इ. स. ३४५ च्या सुमारास, काळ्या समुद्राजवळच्या पाँटस प्रांतात. राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो नावाजलेला वक्ता होता. तिथे तो एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या प्रेमात पडला आणि शहर सोडून जेरुसलेमला निघून गेला. पुढे इजिप्तमध्ये नायट्रिया आणि मग केलिया इथे राहिला, हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरत. ३९९ मध्ये तो वारला.

त्याने मनावर चालून येणारे आठ विचार मोजले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, फुशारकी आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाअखेरीस पोप ग्रेगरी यांनी यातूनच सात मोठ्या पापांची यादी घडवली.

इव्हाग्रियसने 'प्रत्युत्तरे' अशा अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला. आठ विचारांचे आठ भाग, एकूण जवळपास ५०० नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी मनात येणारा विचार, मग त्याला द्यायचे बायबलमधले वचन. प्रस्तावनेत तो कारणही सांगतो: ऐन झुंजीत योग्य वचन पटकन सापडत नाही, कारण ती सगळ्या ग्रंथात विखुरलेली आहेत. म्हणून ती आधीच वेचून ठेवायची. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला. सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांमुळे तो आपल्यापर्यंत आला.

लोभ काळजीच्या वेषात येतो

धनलोभाबद्दल त्याने एका दुसऱ्या पुस्तकात लिहिलेले वाचले आणि मी थबकलो. तो सांगतो की हा विचार सोन्याची लालूच दाखवत नाही. तो लांबलचक म्हातारपण दाखवतो, काम न होणारे हात, दुष्काळ, आजारपण, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवतो.

माझ्या टेबलाशी ठेकेदाराने हेच तर केले होते! मुलीची फी आणि पेन्शन. मी लाच ओळखण्याच्या तयारीत होतो, आणि समोर बापाची काळजी येऊन उभी राहिली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या साधूने तो वेष ओळखला होता. माझ्या क्लार्कनेही ओळखला. मी ओळखायला एक रात्र घेतली.

तुमचे शास्त्र कोणतेही असो, गीता, गाथा, कुराण की बायबल, ते मोहाच्या क्षणी उघडून बसता येत नाही. हल्ला झाल्यावर जवान बंदूक चालवायला शिकत नाही. शांततेच्या दिवसांत जे अर्थासह मनात उतरले, तेवढेच त्या क्षणी हाताशी असते.

मुलगी पुढे शैक्षणिक कर्ज काढून शिकली. ते फेडायला आम्हा दोघांना बरीच वर्षे लागली. पण त्या "उद्या बघू"ची बोच त्या कर्जापेक्षा जास्त टिकली आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.