अर्पणपत्रिकेतली अमेरिका

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ पहिल्यांदा वाचले, तेव्हा अर्पणपत्रिकेचे पान मी सरळ उलटून पुढे गेलो होतो. त्या पानाशी थांबलो तो पुष्कळ वर्षांनी. १८७३ साली पुण्यातला एक माणूस आपले पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करतो. त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले, म्हणून. आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी हा कित्ता गिरवावा, म्हणून. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. मग त्यांच्या डोळ्यांसमोरची अमेरिका कोणती? इतिहासाची पदवी नसताना जयसिंगपुरात बसून मी अमेरिकेचा इतिहास वाचू लागलो, तो या प्रश्नापायी.

ती अमेरिका खोटी नव्हती. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर तिच्या राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी संपवली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. जोतीरावांनी लेखणी उचलली, ती या आशेच्या ऐन भरात.

पुढचे मात्र त्यांच्या अर्पणपत्रिकेत येणे शक्य नव्हते. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले आणि गोऱ्यांची जुनी सत्ता परत बसली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल, अशी फट तेराव्या दुरुस्तीतच होती. तिचा आधार घेऊन भटकेपणासारख्या आरोपाखाली माणसे पकडायची आणि मळ्यांना, खाणींना भाड्याने द्यायची, असा धंदा उभा राहिला.

अमेरिका प्रत्यक्ष पाहून मराठीत लिहिले ते पंडिता रमाबाईंनी. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या आणि १८८८ पर्यंत तिकडे राहिल्या. त्यांचे ‘यूनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली निघाले. राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती असे एकेक अंग त्यांनी तपासले. लोकशाहीचे आणि स्त्रियांच्या संघटनांचे त्यांना मनापासून कौतुक होते. तरी मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि काळ्यांविषयीचा दुजाभाव त्यांनी झाकून ठेवला नाही.

तिसरे वाचक डॉ. आंबेडकर. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. आमच्या शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला मार्च १९२० मध्ये बहिष्कृतांची परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा आशयाचे शाहू महाराज तिथे बोलले. आमच्याकडे दरवर्षी माणगावची आठवण निघते, पण या पुढाऱ्याने अमेरिकेतून पदवीखेरीज काय आणले, याची चर्चा फारशी होत नाही.

त्याचे उत्तर मला १९४७ च्या एका निवेदनात मिळाले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी ते तयार केले. त्यातल्या समान वागणुकीच्या कलमांसाठी त्यांनी १८६६ आणि १८७५ च्या अमेरिकी नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला आहे. यातल्या १८७५ च्या कायद्याने खाणावळी, प्रवासाची साधने, नाटकगृहे सर्वांना खुली केली होती. १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. चौदावी दुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खाणावळीच्या मालकाला नाही, असे कारण दिले.

आता आपले संविधान उघडून पाहा. अनुच्छेद १५ फक्त सरकारला बजावून थांबत नाही. दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव यांची नावे घेतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या कोणालाही सोडत नाही. आपल्याकडे अन्याय सरकारी कचेरीइतकाच पाणवठ्यावर होत होता. कायदा तिथवर पोचला नाही तर तो कागदावरच राहतो, हे अमेरिकेत घडून गेले होते. जोतीरावांनी अमेरिकेचे यश कित्ता म्हणून पुढे ठेवले. बाबासाहेबांच्या हाती त्या कित्त्यासोबत तिचे अपयशही होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, तेही याच अभ्यासू वृत्तीने.

आज आमच्या भागातली मुले अमेरिकेला जातात. घरोघरी चर्चा असते ती व्हिसाची आणि पगाराची. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक संमत केले, पण आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असे म्हणून गव्हर्नरांनी ते परत पाठवले. दीडशे वर्षांपूर्वी आपण तिकडून कित्ता मागितला होता. त्याच्या बदल्यात आपण तिकडे काय पाठवले, हे त्या अर्पणपत्रिकेपाशी थांबल्यावर विचारावेच लागते.