बॉस्टनची घरातली बंदूक
बॉस्टन शहरासाठी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १ मार्च १७८३ रोजी कायदा केला. घर, तबेला, गोदाम, दुकान, कुठेही दारू भरलेली बंदूक नेण्यास बंदी. दंड १० पौंड. रिकामी बंदूक खुशाल ठेवावी. कारण साधे होते : आग लागली की भरलेली बंदूक आपोआप उडे आणि विझवायला धावलेल्यांच्या जिवावर बेते. चोराची धास्ती असलेल्याने मात्र ऐन वेळी दारू-गोळी घालून गजाने ठासत बसायचे; कसलेल्या शिपायालाही त्याला पंधरा-वीस सेकंद लागत.

२००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वॉशिंग्टन शहराच्या हँडगनबंदीच्या खटल्यात हा कायदा पुन्हा वर आला. न्यायमूर्ती ब्रायर यांनी बंदीच्या बाजूने त्याचा आधार घेतला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी तो आगीपुरता ठरवला, आणि बहुमत त्यांच्या बाजूने होते. खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र १९९८ पासून मालकाच्या ताब्यात नसलेली बंदूक कुलूपबंद ठेवणे सक्तीचे आहे.